उजवे हृदय थकते तेव्हा

हृदयाला आपल्या भाषेने फार मोठा मान दिला आहे. माया, धैर्य, कपट, पश्चात्ताप, साऱ्यांचे बिऱ्हाड तेथेच आहे असे आपण मानतो. परंतु छातीतल्या खऱ्याखुऱ्या हृदयाविषयी बोलू लागलो की आपण त्याच्या अर्ध्या भागापुरतेच बोलतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. अमक्याला हार्ट ॲटॅक आला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा इजा झालेली असते ती डाव्या बाजूला. दंडाला पट्टा गुंडाळून डॉक्टर जो रक्तदाब मोजतात, तोही डाव्या बाजूचाच. उजवी बाजू मुकाट्याने आपले काम करीत असते. तिलाही स्वतःचा रक्तदाब असतो, तोही वाढतो, आणि तो वाढला म्हणजे माणसाची काय अवस्था होते, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी डॉक्टर नव्हे. ३१ वर्षे मी हायस्कुलात शास्त्र शिकविले. हृदयाच्या चार कप्प्यांची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. पण त्या आकृतीतल्या उजव्या कप्प्यांशी माझी जवळून ओळख झाली ती निवृत्त झाल्यावर, माझ्या धाकट्या बहिणीच्या आजारपणात. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून, त्यांना प्रश्न विचारून आणि पुस्तके चाळून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. कोणाच्या तरी घरी ते उपयोगी पडेल.

एका घरात दोन पंप

हृदय एक दिसते, पण कामाच्या दृष्टीने ते शेजारी शेजारी बसविलेले दोन पंप आहेत. साऱ्या शरीरात फिरून, प्राणवायू वाटून आलेले रक्त उजव्या कर्णिकेत येते. तेथून ते त्रिदल झडपेतून उजव्या जवनिकेत उतरते आणि उजवी जवनिका ते फुप्फुसांकडे ढकलते. फुप्फुसांत प्राणवायू भरून घेतला की तेच रक्त डाव्या बाजूला येते आणि डावी जवनिका ते मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचविते. आपण स्वस्थ बसलो असताना दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त या वाटेने जाते. दिवसाचा हिशेब मांडला तर ७,२०० लिटर! आणि गंमत अशी की, डावा पंप जेवढे रक्त उपसतो जवळजवळ तेवढेच उजव्यालाही उपसावे लागते. त्यात त्याला सवलत नाही.

मग फरक कशात? फरक दाबात. डाव्या पंपाला साऱ्या शरीरभर रक्त रेटावयाचे असते; त्याला पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत दाब निर्माण करावा लागतो. उजव्याला मात्र शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच जायचे असते, आणि फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या इतक्या मऊ व प्रशस्त असतात की २५ मिलिमीटरच्या आसपास दाबातच त्याचे भागते. म्हणून डाव्या जवनिकेची भिंत सुमारे एक सेंटिमीटर जाड, तर उजवीची अवघी ३ ते ५ मिलिमीटर. हृदय आडवे कापून पाहिले तर डावी जवनिका वाटोळी आणि भरभक्कम दिसते. उजवी तिला बिलगून बसलेल्या चंद्रकोरीसारखी.

पण हा दुबळेपणा तिचा जन्मजात नव्हे बरे! मूल आईच्या पोटात असते तेव्हा फुप्फुसे श्वास घेत नसतात. त्या वेळी उजवी जवनिका आपले बहुतेक रक्त एका आडवाटेने थेट शरीराच्या मोठ्या रोहिणीत ढकलते. डावीच्या बरोबरीने कष्ट करते. जन्माच्या वेळी दोघींच्या भिंती जवळजवळ सारख्याच जाड असतात. बाळाने पहिला श्वास घेतला, फुप्फुसे उघडली, आडवाट बंद झाली, की उजवीचे ओझे उतरते आणि पुढच्या काही महिन्यांत तिची भिंत पातळ होते. ओझे पाहून अंग बदलणे हा या स्नायूचा स्वभाव आहे. पुढचे सारे याच स्वभावातून समजते.

दोन वर्षे वाया गेली

आता फुप्फुसांतल्या बारीक रोहिण्या काही कारणाने अरुंद आणि कडक झाल्या असे समजा. रक्त तर तेवढेच पाठवावयाचे आहे. म्हणजे उजव्या पंपाला जोर वाढविणे भाग आहे. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीतला सरासरी दाब निरोगी माणसात १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो विश्रांतीतही २० च्या वर राहू लागला तर त्याला पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसांचा वाढलेला रक्तदाब, असे म्हणतात. २०१८ पूर्वी ही मर्यादा २५ धरीत. त्या वर्षी जगभरच्या तज्ज्ञांच्या परिषदेत ती खाली आणण्याचे ठरले.

दंडावरच्या पट्ट्याला या दाबाचा सुगावाही लागत नाही. माझ्या बहिणीच्या बाबतीत नेमके हेच झाले. ती नाशिकला असते. २०१७ साली ती ४७ वर्षांची होती. तिसऱ्या मजल्यावरचे घर, जिना रोजचाच. पण त्या वर्षी ती दुसऱ्या मजल्यावर थांबून उगीच पिशवीतली भाजी सारखी करू लागली. कोणी विचारले तर म्हणे, "काही नाही, जरा दम खाते." एका डॉक्टरांनी तपासले. रक्तदाब उत्तम, छाती स्वच्छ. "वजन कमी करा आणि काळजी करणे सोडा," असे सांगून त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्यांनी दम्याचा पंप दिला. घरातल्यांनी "चाळिशी उलटली की व्हायचेच" म्हणून समजूत घातली. अशी दोन वर्षे गेली. मग एके दिवशी जिना चढता चढता तिला घेरी आली आणि ती पायरीवरच कोसळली.

२०१९ च्या त्या दिवशी ज्या तरुण डॉक्टरांनी तिला पाहिले, त्यांनी दंडाआधी तिच्या मानेकडे पाहिले. मानेवरची नीला फुगून उडत होती. मग त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. तेथे खळगा पडला आणि तो बराच वेळ भरला नाही. पुढे रक्त ढकलणे जड जाऊ लागले की मागे ते तुंबते. मानेत, पायांत, यकृतात. "उजव्या बाजूची इको करून घेऊ," ते म्हणाले. साध्या दोन खुणा, पण त्या पाहण्यासाठी तेथे पाहावे लागते!

इको म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढण्याची तपासणी. तिच्यात दाब कसा कळतो, हे त्यांनी मला समजावून दिले. उजवी जवनिका ताणली गेली म्हणजे त्रिदल झडप नीट मिटत नाही आणि थोडे रक्त उलटे कर्णिकेकडे उसळते. त्या धारेचा वेग यंत्र मोजते. वेगाचा वर्ग करावयाचा, त्याची चौपट करावयाची आणि कर्णिकेतला अंदाजे दाब मिळवायचा, की जवनिकेचा दाब आला. बहिणीच्या धारेचा वेग सेकंदाला ४.६ मीटर होता. वर्ग २१, चौपट ८५, त्यात कर्णिकेचे ८ मिळविले; एकूण सुमारे ९३. जेथे २५ हवा, तेथे ९३!

हृदयापर्यंत गेलेली नळी

इकोचा आकडा हा शेवटी अंदाज. या आजाराची खात्री करावयाची तर मानेतल्या, हाताच्या किंवा मांडीच्या नीलेतून एक बारीक नळी सरकवीत उजव्या हृदयातून फुप्फुसाच्या रोहिणीपर्यंत न्यावी लागते. तिने दाब प्रत्यक्ष मोजता येतो, दर मिनिटाला किती रक्त पुढे जाते हे कळते, आणि दोष फुप्फुसांच्या रोहिण्यांत आहे की डाव्या हृदयात, हेही उमगते. तपासणीचे नाव ऐकूनच आमच्या घरी सर्वांच्या पोटात गोळा आला. त्या वेळी मी बहिणीला या नळीचा इतिहास सांगितला.

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता. नीलेतून नळी हृदयापर्यंत नेता येईल असे त्याला वाटे. वरिष्ठांनी मनाई केली. तेव्हा या पठ्ठ्याने स्वतःच्याच दंडाची नीला उघडून ६५ सेंटिमीटर नळी आत सारली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरणांच्या खोलीत चालत जाऊन आपला फोटो काढविला. नळीचे टोक उजव्या कर्णिकेत पोहोचलेले होते. कौतुक राहिले बाजूलाच, त्याला टीका सोसावी लागली आणि पुढे तो मूत्ररोगांकडे वळला. पण न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स या दोघांनी १९४० नंतरच्या काळात तीच नळी वापरून हृदय व फुप्फुसांतले दाब पद्धतशीर मोजले. १९५६ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा डॉक्टर पडद्यावर पाहत, टोकाला चिमुकला फुगा असलेली नळी रक्ताच्या प्रवाहाबरोबर वाहू देतो. ही युक्ती स्वान आणि गँझ यांनी १९७० साली जगापुढे आणली.

"म्हणजे त्या बाबाने स्वतःवर केले ते माझ्यावर करणार!" बहीण म्हणाली आणि हसली. तपासणी नीट पार पडली. निदान पक्के झाले: दोष फुप्फुसांच्या बारीक रोहिण्यांतच होता, आणि त्याचे कारण सापडले नाही. औषधाची एक गोळी सुरू झाली.

काटा उतरला, पण…

यापुढचा प्रसंग हा या लेखाचा गाभा आहे. २०२१ साली पुन्हा इको झाली. दाबाचा आकडा ९३ वरून ६७ वर आला होता! मेहुणे पेढ्यांचा पुडा घेऊनच डॉक्टरांकडे आले. डॉक्टरांनी पेढा घेतला, पण तो हातातच ठेवून ते कागद पुन्हा वाचू लागले.

"बाई, तुम्ही शास्त्र शिकवीत होता ना?" त्यांनी मला विचारले. "तुमच्या सोसायटीत पाणी गच्चीवरच्या टाकीत चढविणारा पंप असेल. त्याच्या नळाला दाबाचा काटा असतो. नळ आतून चोंदला की काटा वर चढतो. खरे की नाही?"

"खरे."

"एके दिवशी काटा खाली आलेला दिसला. तर काय समजाल?"

"नळ मोकळा झाला असेल," मेहुणे म्हणाले.

"किंवा," मी म्हटले, "पंपाची मोटार दमली असेल."

"बरोबर! मग दोहोंतले कोणते, हे कसे ओळखाल?"

"गच्चीवर जाऊन टाकीत पाणी किती पडते ते पाहीन."

डॉक्टरांनी कागद आमच्यापुढे सरकविला. टाकीत पाणी कमी पडत होते! सहा मिनिटांत सपाट मार्गिकेवर माणूस किती मीटर चालतो, याची एक साधी परीक्षा असते. पहिल्या वेळी बहीण ३८० मीटर चालली होती, आता २९० वरच थांबली होती. त्रिदल झडपेचे कडे प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या टोकाकडे किती सरकते, हेही इकोत मोजतात. ते साधारण १७ मिलिमीटरच्या खाली असू नये. तिचे १३ होते. कर्णिकेतला दाब ८ वरून १५ वर गेला होता, पावले सुजली होती. म्हणजे दाब उतरला तो रोहिण्या मोकळ्या झाल्या म्हणून नव्हे, तर ढकलणाऱ्याचा जोर सरला म्हणून.

दाब म्हणजे प्रवाह आणि अडथळा यांचा गुणाकार, हे मी मुलांना विजेच्या धड्यात शिकवीत असे. गुणाकार लहान झाला, एवढ्यावरून दोहोंतली कोणती संख्या लहान झाली हे कसे कळणार? पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच राहिला.

त्यानंतर पुन्हा नळीची तपासणी झाली, दुसऱ्या जातीचे औषध जोडले गेले, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी वाढविली. पाच महिन्यांनी इकोवर आकडा दिसला ७२. मेहुण्यांचा चेहरा उतरला. डॉक्टर मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मोकळे हसले. कारण झडपेचे कडे १८ मिलिमीटर सरकत होते, कर्णिकेचा दाब पुन्हा ८ वर आला होता आणि बहीण ३९५ मीटर चालून आली होती. मोटारीत जीव आला होता, म्हणून काटा किंचित वर गेला होता.

थकवा कसा येतो?

उजवे हृदय एकदम हार मानीत नाही. ओझे हळूहळू वाढले तर तेही व्यायाम करणाऱ्या पैलवानाप्रमाणे भिंत जाड करते आणि कित्येक वर्षे निभावून नेते. ओझे अचानक पडले तर मात्र त्याची धडगत नसते. पायातली रक्ताची मोठी गुठळी सुटून फुप्फुसाच्या रोहिणीत अडकली तर सराव नसलेली उजवी जवनिका सरासरी ४० मिलिमीटरच्या पलीकडे दाब सहसा निर्माण करू शकत नाही, आणि माणूस घटकाभरात दगावू शकतो.

हळूहळू वाढणाऱ्या आजारातही एक वेळ अशी येते की भिंत आणखी जाड होऊन भागत नाही. मग कप्पा फुगू लागतो. फुगला की झडप अधिक गळते. गळली की पुढे जाणारे रक्त घटते. दोन्ही जवनिकांमधली भिंत सामाईक असते. उजवी फुगली की ती भिंत डावीकडे रेटली जाते आणि वाटोळी डावी जवनिका इंग्रजी डी अक्षरासारखी चपटी होते. डावीत रक्त पुरेसे भरत नाही. भरीत भर म्हणजे उजव्या भिंतीला स्वतःलाही रक्त लागते. एरवी ते तिला आकुंचनाच्या आणि प्रसरणाच्या अशा दोन्ही वेळी मिळते; आतला दाब चढला की आकुंचनाच्या वेळचा पुरवठा रोडावतो. कष्ट दुप्पट आणि शिधा अर्धा, अशी तिची गत होते.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. काही मुलांच्या हृदयात जन्मतःच मोठे छिद्र असते आणि त्यामुळे फुप्फुसांतला दाब लहानपणापासून चढलेला असतो. यांपैकी कित्येक माणसे तेवढाच दाब असलेल्या इतर रोग्यांहून अधिक वर्षे काढतात. कारण त्यांच्या उजव्या जवनिकेने आईच्या पोटातली कष्टाची सवय कधी मोडलेलीच नसते, असे तज्ज्ञ सांगतात. सारांश, आकडा एकच असला तरी भवितव्य एक नसते. अमेरिकेत १९८१ ते १९८५ या काळात नोंदलेल्या १९४ रोग्यांचा वृत्तान्त १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्मे रोगी निदानानंतर तीन वर्षेही जगले नव्हते; पण कोण लवकर जाईल हे सांगण्यास फुप्फुसांच्या दाबाबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागल्या: उजव्या कर्णिकेतला दाब आणि हृदयातून पुढे जाणारे रक्त. दोन्ही उजव्या हृदयाचीच प्रकृती सांगतात. २०११ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी तर असे दाखविले की औषधाने रोहिण्यांतला अडथळा कमी झाला तरी काही रोग्यांचे उजवे हृदय ढासळतच जाते, आणि त्यांची वाट बिकट असते.

नसले तरी चालेल?

इतक्या महत्त्वाच्या अवयवाकडे शास्त्राचेही बराच काळ दुर्लक्ष झाले. १९४३ साली आयझॅक स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत कुत्र्यांवर प्रयोग केला. उजव्या जवनिकेची बाहेरची भिंत त्यांनी डाग देऊन निकामी केली, तरी नीलांतला दाब फारसा वाढला नाही. मग उजवी जवनिका नसली तरी चालते असा समज बळावला. पुढे फ्रान्समध्ये बोर्दो येथे फ्रान्सिस फोंतां यांनी १९६८ साली एक शस्त्रक्रिया केली आणि १९७१ साली तिची हकीकत प्रसिद्ध केली. त्रिदल झडपेची वाट जन्मतःच बंद असलेल्या रोग्यांत त्यांनी उजवी जवनिका टाळून रक्त थेट फुप्फुसांकडे नेले. तेव्हा तर त्या समजाला पुष्टीच मिळाली.

पण या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती: फुप्फुसे निरोगी होती, वाट मोकळी होती. उतारावरची गाडी ढकलणारा नसला तरी चालते. घाट चढताना मात्र ढकलणाऱ्यावरच सारी भिस्त असते. फुप्फुसांतला अडथळा वाढला की उजव्या जवनिकेवाचून गत्यंतर नाही, हे पुढच्या प्रयोगांनी सिद्ध केले.

ओझे उतरले म्हणजे

एवढे वाचून वाचकांचे मन खिन्न झाले असेल. म्हणून आता आशेची बाजू सांगते. ती आपल्याच देशातल्या एका अनुभवावरून. हिमालयात ५,८०० ते ६,७०० मीटर उंचीवर काही आठवडे राहिलेल्या २१ भारतीय जवानांची हकीकत १९९० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आय. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. विरळ हवेत फुप्फुसांतल्या रोहिण्या आकसतात. या धडधाकट तरुणांना दम लागू लागला, अंगावर सूज आली, उजवे हृदय मोठे झाले. त्यांना खाली आणले, आणि थोड्याच आठवड्यांत सूज ओसरली, हृदय मूळच्या आकाराकडे परतले!

असाच अनुभव शस्त्रक्रियेतही येतो. काही रोग्यांत फुप्फुसांच्या रोहिण्या जुन्या, न विरघळलेल्या गुठळ्यांनी चोंदलेल्या असतात. कुशल शल्यविशारद त्या गुठळ्या आतल्या अस्तरासकट सोलून काढतात, आणि पुष्कळांचे फुगलेले उजवे हृदय पुन्हा आटोपशीर होते. १९८१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे या आजाराच्या एका स्त्रीवर हृदय आणि फुप्फुसे दोन्ही बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. पुढे ध्यानात आले की बहुतेकांत फुप्फुसे बदलली तरी पुरते. ज्याला कामातून गेलेले समजत होते, ते रोग्याचे स्वतःचे हृदय ओझे उतरताच सावरते.

औषधेही आता पुष्कळ आहेत. १९९५ साली अमेरिकेत इपोप्रोस्टेनॉल या औषधाला मान्यता मिळाली. ते नीलेत अखंड सोडावे लागते. २००१ साली बोसेन्टन आणि २००५ साली सिल्डेनाफिल ही गोळीने घेण्याची औषधे आली. ही सारी रोहिण्या सैल करतात. २०२४ मध्ये मान्यता मिळालेले सोटाटरसेप्ट रोहिण्यांच्या भिंतींची नको ती वाढ आवरण्याचे काम करते. सर्वांना सर्व औषधे चालत नाहीत. डाव्या हृदयाच्या किंवा फुप्फुसांच्या दुखण्यातून दाब वाढला असेल तर मूळ दुखण्यावरच उपचार करावा लागतो. म्हणून निदान पक्के होण्याला इतके महत्त्व.

चूल आणि हृदय

माझ्या बहिणीच्या आजाराचे कारण सापडले नाही, पण आपल्या देशात अशी अनेक कारणे आहेत की जी सापडतात. लहानपणीच्या सांधेतापाने खराब झालेली हृदयाची झडप, वेळीच न बुजविलेले जन्मजात छिद्र, तंबाखूच्या धुराने जर्जर झालेली फुप्फुसे, जुन्या गुठळ्या. आणि आणखी एक कारण आपल्या स्वयंपाकघरातले.

डॉ. एस. पद्मावती या भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. १९५९ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह दिल्लीतल्या १२७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसांच्या जुनाट रोगाने ज्यांचे उजवे हृदय खचले होते असे हे रोगी. विलायतेत हा विकार प्रामुख्याने विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा. येथे मात्र धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियाही त्यात मोठ्या संख्येने आढळू लागल्या. पुढच्या अभ्यासांतून बोट वळले ते लाकूड आणि शेणी जाळणाऱ्या चुलीच्या धुराकडे. २०२० साली वयाच्या १०३ व्या वर्षी पद्मावती वारल्या. चुलीचा धूर डोळ्यांत जातो एवढेच आपण पाहत होतो. तो उजव्या हृदयापर्यंत पोहोचतो, हे त्यांच्या पिढीच्या डॉक्टरांनी आपल्याला दाखवून दिले.

घरच्यांनी काय करावे?

ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी तपासणीचा कागद हाती आला की केवळ दाबाच्या आकड्याकडे पाहू नये. डॉक्टरांना विचारावे: उजवा कप्पा केवढा आहे? पूर्वीपेक्षा वाढला की आटोक्यात आला? झडपेचे कडे किती सरकते? कर्णिकेत दाब किती? सहा मिनिटांत चालणे किती मीटर झाले? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. आमचे तर खूष झाले.

घरातही काही गोष्टी पाळाव्यात. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून वहीत लिहावे; दोन-तीन दिवसांत एकदम वजन चढले तर ते अन्नाचे नव्हे, साठलेल्या पाण्याचे असते, आणि तत्काळ डॉक्टरांना कळवावे. लोणची, पापड आणि वरून घेतलेले मीठ यांना आवर घालावा. गोळ्या मनाने बंद करू नयेत. थंड हवेच्या उंच ठिकाणी किंवा विमानाने जाण्यापूर्वी सल्ला घ्यावा. तरुण रोगी असेल तर गर्भारपण तिच्या जिवावर बेतू शकते, ही गोष्ट तिला आणि तिच्या सासरच्यांनाही वेळीच, स्पष्ट शब्दांत सांगावी.

आणि ज्यांच्या घरी असा रोगी नाही, त्यांनाही एक सांगणे आहे. दिवाळीच्या दिवसांत घरोघरी फराळाचे डबे घेऊन जिने चढणे होते. आपली बहीण, भावजय, आई मध्येच थांबून पिशवी सारखी करताना दिसली, तर तिला विचारा की गेल्या दिवाळीलाही येथेच थांबत होतीस का? नसेल थांबत, तर वजन आणि वय यांच्यावर खापर फोडण्यापूर्वी तिची मान आणि पावले एकदा डॉक्टरांना दाखवा. माझ्या बहिणीची दोन वर्षे केवळ कोणी तेथे पाहिले नाही म्हणून गेली. ती परत येणार नाहीत. दुसऱ्या कोणाची मात्र वाचू शकतील.